आमच्या घरातलं चौथं लेकरू, कागदावर येईपर्यंत

नातेवाइकाचं मूल दत्तक घ्यायचं असेल आणि तुम्ही ख्रिस्ती असाल, तर दहा जण दहा गोष्टी सांगतात. त्यातल्या निम्म्या चुकीच्या असतात, पण कुठल्या निम्म्या ते कुणी सांगत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही सुरुवात केली तेव्हा सोलापुरात हे सगळं केलेलं एकही ख्रिस्ती कुटुंब आमच्या ओळखीत नव्हतं. आता आमचं काम बहुतेक झालंय, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतेय. मुलांची नावं लिहिणार नाही. अशा प्रकरणात मुलाची ओळख जाहीर करू नये असं कायदाही म्हणतो, आणि मलाही ते पटतं.

आधी घर सांगते. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची तीन. थोरला दहावीच्या उंबरठ्यावर, मधली अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. मी खासगी दवाखान्यात नर्स आहे, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. बहीण २०२३ च्या पावसाळ्यात किडनीच्या आजाराने गेली. मागे राहिली तिची सात वर्षांची मुलगी. अंत्यविधीनंतर ती आमच्याबरोबर सोलापूरला आली ती आलीच. तिच्या वडिलांचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, बार्शीकडे गावात एकटे राहतात. त्यांनी तिचे दोन फ्रॉक आणि दप्तर पिशवीत भरून माझ्या हातात दिलं, एवढीच काय ती देवाणघेवाण.

पहिलं वर्ष कुणालाच कागदाची गरज वाटली नाही. आमच्या लोकांत हे असंच असतं. मोठ्या घरात एखादं जास्तीचं लेकरू वाढतं, संडे स्कूलच्या हजेरीत त्याचं नाव येतं, नाताळात त्याच्या मापाचा एक ड्रेस जास्त शिवला जातो, संपलं. सासऱ्यांची पणजी दुष्काळात आईबापांपासून तुटलेली पोर, मिशनच्या आसऱ्याला वाढलेली. आपल्याकडच्या कितीतरी मराठी ख्रिस्ती घराण्यांची मुळं अशीच दुष्काळातल्या अनाथ मुलांपर्यंत जातात. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या मुलींची तर केवढी घराणी झाली. सासरे म्हणायचे, "तिला कुणी कागद विचारला होता का? लेकरू घरात आहे, जेवतंय, शाळेत जातंय. कोर्टकचेरी कशापायी?"

कागद विचारला तो शाळेने. नव्या वर्षाचा फॉर्म भरताना पालकाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, तर खिडकीतल्या बाईंनी नाकारलं नाही, पण "तुम्ही हिच्या कोण, आणि तसा काही आदेश आहे का?" असं विचारलं. मग आधार अपडेट करतानाही तेच. मग तिला एकदा डेंग्यूसाठी ॲडमिट करावं लागलं तेव्हा संमतीच्या कागदावर सही कुणाची यावर काउंटरला पाच मिनिटं गेली. मी स्वतः नर्स, रोज दुसऱ्यांच्या सह्या घेते, आणि त्या दिवशी माझीच सही चालेना. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, आता हे करायचंच.

घरात एक समज असा होता की मी तिची धर्ममाता आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात घेतलं होतं, रजिस्टरला तशी नोंद आहे, मग आणखी काय पाहिजे? आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनीच हा गैरसमज दूर केला. धर्ममाता-धर्मपिता ही चर्चसमोरची जबाबदारी आहे, कायद्याच्या दृष्टीने त्याने पालकत्व मिळत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागीही चालत नाही. ज्यांनी ज्यांनी हा दाखला फाइलला लावून ठेवलाय त्यांनी महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आजच काढून घ्यावा.

मग वकील. पहिल्यांनी सांगितलं की ख्रिश्चनांना दत्तक घेताच येत नाही, फार तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टातून पालक म्हणून नेमणूक करून घ्या, चाळीस हजार होतील. दुसऱ्यांनी सांगितलं की नोटरीकडे दत्तकपत्र करून टाका, दोन दिवसांत होईल. दोघांचीही नावं लिहीत नाही, पण दोघांचाही सल्ला न घेतल्याबद्दल आज मला हायसं वाटतं.

पहिल्यांचं म्हणणं एके काळी खरं होतं. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी आहे. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी त्यात बसत नाहीत, आणि ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा दत्तक कायदा नाही. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढ्यांनी फार तर पालकत्व घेतलं. ते मूल सज्ञान झालं की संपतं, आणि त्या मुलाला तुमच्या मिळकतीत वारस म्हणून काही मिळत नाही. पण बाल न्याय कायद्याने ही अडचण दूर केली. २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुठल्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येतं. २०१५ च्या कायद्याच्या कलम ५६ मध्ये तर नातेवाइकाकडून नातेवाइकाने दत्तक घेण्याबद्दल 'कुठल्याही धर्माचे असले तरी' असं स्पष्टच आहे. नातेवाईक म्हणजे कोण हेही कायद्यात ठरलेलं आहे: काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. मावशी आहे त्यात, मी दोनदा वाचलं. नोटरीचं दत्तकपत्र मात्र आपल्या उपयोगाचं नाही. पैसे जातात आणि हातात राहतो तो फक्त शिक्क्यांचा कागद.

हे सगळं आम्हाला जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळलं. प्रत्येक जिल्ह्यात महिला व बालविकास विभागाचा हा कक्ष असतो. माझा सल्ला एवढाच की वकिलाच्या आधी तिथे जा. तिथल्या ताईंनी आधी विचारलं की तुम्हाला दत्तकच घ्यायचंय की नुसता सांभाळ करायचाय. नुसता सांभाळ असेल तर अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात. ज्या घरांना दत्तक नको आहे त्यांनी ते जरूर विचारावं. आम्हाला दत्तकच पाहिजे होतं. मी भीत भीत सांगितलं की आम्हाला आधीच तीन मुलं आहेत. कारण फोनवर कुणीतरी सांगितलं होतं की दोन किंवा जास्त मुलं असतील तर नंबरच लागत नाही. तो नियम आहे खरा. २०२२ च्या दत्तक नियमावलीत दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्यांना फक्त विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशी मुलं देता येतात. पण नातेवाइकाच्या मुलाला तो लागू नाही. वयाच्या अटीही नातेवाइकांना लागू नाहीत. तेवढ्या एका वाक्याने मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत सैल झाले.

जूनअखेरीस 'कारा'च्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी केली. 'कारा' म्हणजे दिल्लीचं केंद्रीय दत्तक प्राधिकरण. नोंदणी करताना नातेवाइकांतलं दत्तक हा पर्याय वेगळा असतो, तोच निवडायचा, नाहीतर तुम्ही अनोळखी मुलासाठी थांबलेल्यांच्या लांबलचक यादीत जाऊन पडाल. फॉर्म थोरल्याने भरला. कागद मात्र आमचे आम्हाला गोळा करावे लागले, आणि खरा वेळ तिथेच गेला. आधार, पॅन, दोघांचे जन्मदाखले, उत्पन्नाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं, मुलीचा जन्मदाखला, तिच्या आईवडिलांचे मृत्यूदाखले, हे सगळ्यांनाच लागतं. ख्रिस्ती घरांना नडतात त्या दोन गोष्टी थोड्या सविस्तर सांगते.

पहिली, लग्नाचा दाखला. आमचं लग्न चर्चमध्ये, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेलं. त्या रजिस्टरचा उतारा पाळकसाहेबांनी दिला, पण त्यावर माझं बाप्तिस्म्याचं नाव आहे. शाळेत माझं नाव वेगळं, आणि आधारवर तिसरंच, सासरच्या आडनावासकट. आपल्याकडे हे घरोघरी आहे. 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र करून भागलं. कुणाला पुढे पासपोर्ट वगैरे काढायचा असेल तर राजपत्रात नाव बदलून घेतलेलं बरं, एकदाच त्रास होतो.

दुसरी, मी तिची मावशी आहे याचा पुरावा. म्हणजे मी आणि बहीण एकाच आईबापाच्या, आणि मुलीची आई म्हणजे तीच बहीण. दोन्ही दुवे कागदावर दिसायला लागतात. माझा आणि बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला लावला, वडिलांचं नाव दोन्हीत सारखं. मग बहिणीचं माहेरचं नाव सासरच्या नावाला जोडायला तिच्या लग्नाचा उतारा. तो बार्शीकडच्या चर्चच्या जुन्या वहीतून शोधावा लागला. तिथल्या सेवकाने कपाट उघडलं तर वह्यांना वाळवी. आमचं पान वाचलं होतं. कडेला कुरतडलेलं, पण तिची सही शाबूत. लग्नाच्या दिवशी ती इतकी थरथरत होती की आडनावातला शेवटचा काना रेघेबाहेर गेला होता. मी फोटो काढून घेतला, फाइलसाठी नाही, माझ्यासाठी.

वैद्यकीय तपासण्या, झेरॉक्स, नोटरी, फोटो, बार्शीच्या एसटीचं भाडं सगळं धरून आमचे पाच-सहा हजार गेले. अर्जाला स्वतंत्र मोठी फी वगैरे नव्हती, आणि कुणी मागितली तर देऊ नका. दत्तकासाठी कुणी पैसे दिले-घेतले नाहीत याची खात्री करणं हा आदेश देण्याच्या अटींपैकीच एक भाग आहे.

आता तात्या. आईवडील दोघंही नसतील तर मूल देणारा असतो त्याचा पालक, म्हणजे इथे आजोबा, आणि त्यांना बालकल्याण समितीची परवानगी लागते. तात्यांना दोन भीत्या होत्या. एक, मुलगी तिकडची झाली की आपल्या पोराचं नाव पुसलं जाणार. दुसरी त्यांनी स्वतः काढली नाही, त्यांच्या पुतण्याने काढली: त्या पोराने बार्शीत घेतलेल्या प्लॉटचं काय? पंगतीत बसल्यासारखे आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो आणि कुणी बोलेना. शेवटी ह्यांनी बाल न्याय कायद्याचं कलम ६३ वाचून दाखवलं, त्याची मराठी प्रिंट खिशातच होती. दत्तकानंतर मूल सर्व बाबतीत नव्या आईबापांचं होतं, पण दत्तकाआधी जी मिळकत मुलाच्या नावे झालेली असते ती मुलाचीच राहते. आईवडिलांच्या मागे तो प्लॉट तिचाच. आम्हाला त्यात काही नको, पुतण्यालाही काही मिळणार नाही. पुतण्या चहा न घेता गेला. तात्या मात्र दुसऱ्या दिवशी एसटीने आमच्यासोबत सोलापूरला यायला तयार झाले.

समितीपुढे आम्ही सप्टेंबरात गेलो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मी कोर्टाच्या धाकाने गेले होते, पण टेबलाच्या पलीकडची मंडळी शांत होती. तात्यांना विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? तात्या म्हणाले, "दबाव वयाचा हाय, साहेब. मी किती दिवस पुरणार?" आम्हाला कुणीतरी भीती घातली होती की मुलीला आधी संस्थेत ठेवावं लागेल. आमच्या बाबतीत तसं काही झालं नाही. ती आमच्याकडूनच आली आणि आमच्याबरोबरच घरी गेली. परवानगीचं पत्र ऑक्टोबरात मिळालं.

पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, हे मला माहीत होतं. आमच्याकडे घरातल्या मोठ्या मुलांचीही लेखी संमती मागितली, हे माहीत नव्हतं. थोरल्याने वहीचं पान फाडून दोन ओळी लिहिल्या आणि क्रिकेटला गेला. धाकट्याने विचारलं, "म्हणजे आता ही कायमची?" हो म्हटल्यावर त्याने नावाखाली विमान काढलं. ते खोडावं लागलं. मधली मात्र अडून बसली. तिचं म्हणणं असं की वर्षभर तिच्या कपाटात दोघींचे कपडे आहेत, तिची पट्टी, तिची कात्री, तिचा कोपरा, सगळं वाटून झालंय, आणि तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सासूबाई तिच्यावर चिडल्या, "बिनआईच्या लेकराला नाही म्हणतीस?" मी सासूबाईंना थांबवलं. सरकार विचारतंय तर तिने उत्तर दिलं पाहिजे, आणि तिला हवं ते दिलं पाहिजे. तिने दोन दिवस घेतले आणि अट घातली: वेगळं कपाट, कुलपासह. ह्यांनी नवी पेठेतून प्लायवूडचं एक लहान कपाट आणलं, अडीच हजारांचं. वरच्या खर्चात ते धरलेलं नाही. मग तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'माझी संमती आहे.' त्यानंतर मात्र घरात भाजी कुठली करायची इथपासून 'माझी लेखी संमती घेतली का' असं सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

हे कपाटाचं प्रकरण लहान नाही, म्हणून थोडं थांबते. मोठ्या घरात आलेल्या मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान दयेने होतं. पहिले काही महिने आमच्या घरात तिला कुणी रागवत नव्हतं. तिच्या ताटात आधी वाढायचं, चुकली तर सोडून द्यायचं. बाकीची पाच पोरं हे बघत होती. ती स्वतःही बघत होती. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की आमच्याकडे लढाई सुरू होते. थोरला मोटार लावतो, दिराचा मुलगा पाइप धरतो, मधली आणि जाऊबाईंची मुलगी बादल्या, हंडे, अगदी भांडी घासायचं पातेलंसुद्धा भरून ठेवतात, धाकट्याचं काम गल्लीत 'आलं, आलं' म्हणून ओरडायचं. ही मात्र पायरीवर बसून बघत राहायची, पाहुण्यासारखी. एका पाण्याच्या दिवशी मी तिला टाकीवर चढवलं आणि सांगितलं, टाकी भरत आली की सांगायचं, सांडली तर बोलणी तू खायची. जाऊबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आई नाही तिला, आणि तू कामाला लावतेस?" मी म्हटलं, माझ्या पोरांना लावते तसंच. टाकी सांडली. ती बोलणी खाल्ली. पुढच्या वेळी सांडली नाही. त्यानंतरच ती मधलीशी भांडायला लागली, आणि भांडायला लागली तेव्हा मला वाटलं की आता ही इथली झाली.

योगायोग असा की कक्षाच्या ताई घरभेटीला आल्या तोही पाण्याचाच दिवस निघाला. त्यांना बसा म्हणायला कुणी जागेवर नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्यासाठी शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही काढून ठेवलं होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. नियमच असावा. त्यांनी मुलांशी एकेकट्याने बोलून घेतलं, झोपायची जागा, संडास-बाथरूम बघितलं, उत्पन्नाचं विचारलं. बारा माणसांत एका मुलीचा अभ्यास कुठे होतो हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. जिन्याखालच्या टेबलावर, संध्याकाळच्या प्रार्थनेआधी, एवढंच खरं उत्तर होतं. नटवून सांगू नका. त्या रोज घरं बघतात, त्यांना कळतं.

ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची आचारसंहिता लागली. मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि त्या काळात जिल्ह्याची सगळी यंत्रणा निवडणुकीत असते हे धरून आम्ही घाई केली नाही, राहिलेली प्रतिज्ञापत्रं तेवढी करून घेतली. नोव्हेंबरअखेरीस कक्षामार्फत अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. हो, कोर्टात नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२ पासून, दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच, देतात. जुन्या माणसांना विचाराल तर ते अजून कोर्टच सांगतील. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे.

त्या दोन महिन्यांत नाताळ आला. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या सालाबादप्रमाणे झाल्या, पोरं रात्री कॅरलच्या चमूबरोबर फिरून घसा बसवून आली. पण याच काळात ती एक दिवस अचानक विचारायला लागली की आता माझं मधलं नाव बदलणार का. तिला कुणी सांगितलं माहीत नाही. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव येतं, आणि तिला वडील फारसे आठवत नसले तरी ते नाव ती रोज वहीवर लिहीत होती. आम्ही कक्षात विचारून घेतलं. नव्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून आमचीच नावं येणार. मुलीचं नाव काय ठेवायचं ते आम्ही ठरवायचं. पहिलं नाव तिच्या वडिलांनी बाप्तिस्म्याला ठेवलेलं, ते तसंच ठेवायचं ठरलं. मधलं आणि आडनाव आमचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वहीवर?" हे म्हणाले, वहीवर तुला पाहिजे ते लिही. तिने सगळ्या वह्यांना नवी कव्हरं घातली आणि चारही नावं लिहिली, एका ओळीत मावेनात म्हणून दोन ओळींत. वर्गशिक्षिकेने काही म्हटलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

जानेवारीत गड्डा भरला. सिद्धेश्वराच्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो, पाळणे, मौत का कुआ आणि भज्यांसाठी. सोलापूरकर कुठल्याही धर्माचा असो, गड्ड्याला जातोच. सहा पोरं घेऊन परतताना ह्यांच्या फोनवर सुनावणीच्या तारखेचा मेसेज आला.

सुनावणी बंद खोलीत झाली. आम्ही दोघं, तात्या, ती, कक्षाच्या ताई. मुलाच्या हिताचं आहे का आणि मुलाची इच्छा काय, हे जिल्हाधिकारी साहेब तपासतात. तिच्याशी ते काही मिनिटं वेगळं बोलले. बाहेर आल्यावर तिने सांगितलं की त्यांनी तिला आवडता विषय विचारला आणि तिने गणित सांगितलं, जे साफ खोटं आहे. आदेश जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हातात आला. ती मला अजून मावशीच म्हणते आणि ह्यांना काका. बदलायला आम्ही सांगितलं नाही, सांगणारही नाही. शेजारच्या काकूंना ते चमत्कारिक वाटतं.

आदेशाच्या साक्षांकित प्रती एकदम पाच-सहा घ्या. एक जन्मदाखल्याला जाते, एक शाळेला, एक आधारला, एक विम्याला, आणि प्रत्येक जण 'मूळ दाखवा' म्हणतोच. लॅमिनेशन करू नका. काही ठिकाणी लॅमिनेट केलेला कागद स्वीकारत नाहीत. नवा जन्मदाखला, तिची जन्मनोंद जिथे होती तिथूनच, फेब्रुवारीत मिळाला. क्रम पाळा: आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळेचं रेकॉर्ड. आधारवर जुनं आणि शाळेत नवं नाव असलं की ऑनलाइन प्रणालीत दोन्ही अडकतात. एका ठिकाणी, कुठे ते सांगत नाही, बाईंनी आदेश उलटसुलट वाचून 'पण ख्रिश्चनांत दत्तक नसतं ना?' असं विचारलंच. आता माझ्या पर्समध्ये कलम ५६ ची झेरॉक्स असते.

तिच्या वडिलांच्या प्लॉटची वारस नोंद अजून व्हायची आहे. ती तिच्याच नावे करायची आहे, आमच्या नाही, आणि अज्ञानाची मिळकत असल्याने ती सज्ञान होईपर्यंत विकायची म्हटली तरी कोर्टाची परवानगी लागेल. तात्यांना ते फार आवडलं. पावसाळ्याआधी बार्शीला जाऊन ते काम उरकायचं आहे. दोन साक्षांकित प्रती त्यासाठीच बाजूला ठेवल्यात.